सोळा आण्यांचा अंदाज

दिवाळीच्या सुमारास आपल्या वाशीमकडच्या कोणत्याही गावात जा आणि पारावर बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, "काय बाबा, यंदा पीक कसं काय?" तो क्विंटलचा आकडा सांगणार नाही. जरा थांबून म्हणेल, "आहे आठक आणे." देशात दशमान नाणी १९५७ साली आली, आणा व्यवहारातून गेला, पण पिकाच्या बोलण्यातून तो काही गेलेला नाही. सरकारी कागदात आणेवारीची पैसेवारी झाली, एवढाच काय तो फरक.

आता हे आठ आणे आले कोठून? कोणी वजन केले होते काय? कोणी मापे भरली होती काय? नाही. शेत पाहिले आणि अंदाज सांगितला. तरी या अंदाजाला वजन मोठे. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचे दार उघडते. शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांच्या परीक्षा फीची माफी, असे पुष्कळ काही त्या एका आकड्याला बांधलेले असते. ४९ आणि ५१ यांत अंतर दोनच पैशांचे. पण घरातल्या माणसांना ते अंतर वर्षभर पुरते.

म्हणून आज आपण अंदाजाचाच इतिहास पाहू. सगळे मोजणे परवडत नाही आणि उत्तर तर हवेच, अशा वेळी जवळपासचे उत्तर कसे काढावे, आणि ते किती खरे मानावे, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना पडलेला आहे. आपल्या अभिमानाची गोष्ट अशी की त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धडा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या वावरात गिरवला गेला.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि जमाबंदी सुरू झाली. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून त्याचा बहुतेक भाग अकोल्यात घातला, पुसदचा तालुका यवतमाळकडे गेला. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. तेव्हा मधल्या काळातला 'अकोला जिल्हा' मी म्हणेन, त्या वेळी त्यात आपले वाशीमही आलेच, असे समजावे.

पीक किती झाले हे काढण्याची त्या वेळची रीत सोपी होती. तीन आकडे घ्यायचे. पहिला, पिकाखालचे क्षेत्र. दुसरा, सर्वसाधारण वर्षात एकरी किती उतारा येतो तो. तिसरा, यंदाचे पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आहे तो. समजा ज्वारी १,००० एकर आहे, एकरी उतारा ८ मण धरला, आणि पीक १२ आणे ठरले. मग १,००० गुणिले ८ गुणिले १२, भागिले १६. उत्तर ६,००० मण. चौथीच्या मुलाला यावे असे हे गणित.

पण या तीन आकड्यांत मोजलेला आकडा एकच, क्षेत्राचा. बाकीचे दोन्ही अंदाजाचे. त्यात आणखी एक गोम होती. सोळा आणे म्हणजे काय, यावरच सगळ्यांचे एकमत नव्हते. कोठे सोळा आणे म्हणजे भरघोस पीक आणि बारा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक मानीत. कोठे सोळा आणे हेच सर्वसाधारण पीक धरीत. माप वेगळे आणि नाव एक, असा हा प्रकार.

तिसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. पटवाऱ्याने फार उंच आकडा लिहिला तर गाव नाराज, फार खाली लिहिला तर साहेब नाराज. मग हात आपोआप मध्याकडे वळतो. पुढच्या काळात प्रत्यक्ष कापणीशी ताडून पाहिले तेव्हा हेच आढळले, की नजरेचा अंदाज चांगल्या वर्षी पीक कमी दाखवतो आणि वाईट वर्षी जास्त दाखवतो. शेतकऱ्याला मदतीची गरज वाईट वर्षीच असते. आणि नेमका तेव्हाच हा अंदाज त्याच्या विरुद्ध झुकतो.

याची किंमत लहान नव्हती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला. १९०१ च्या शिरगणतीत त्या वेळच्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. हे सारे चुकीच्या आणेवारीने झाले, असे मी म्हणत नाही. पण धान्य किती आहे आणि किती लागेल हे ज्याला वेळेवर ठाऊक नाही, त्याची मदत उशिरा पोहोचते, हे सांगायला पंडित नको.

आणेवारीचे भांडण साऱ्या देशाने पाहिले ते १९१८ साली, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात. खेडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत त्याहून जास्त आहे. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांनी याच प्रश्नावर सत्याग्रह उभा केला. लोकांचा अंदाज खोटा ठरवायला सरकारजवळ काही नव्हते, आणि सरकारचा अंदाज खोटा ठरवायला लोकांजवळही दुसऱ्या अंदाजावाचून काही नव्हते. दोन्हीकडे नजरच, काटा कोठेच नाही!

काटा सापडला तो कापसात. कापूस हे बाजाराचे पीक. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांना किती गाठी बांधल्या याची माहिती देणे भाग पडले. गाठी मोजता येतात. त्या मोजल्यावर पुष्कळदा असे दिसे की पिकाचा सरकारी अंदाज खाली आणि प्रत्यक्ष गाठी त्याच्या वर. अंदाजाची चूक अशी पहिल्यांदा उघड्यावर आली.

मग १९४२-४३ च्या सुमारास डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. कळमकर यांनी अकोला जिल्ह्यात कापसाच्या पिकाची नमुना-पाहणी केली. पानसे हे इंदूरच्या वनस्पति-संशोधन संस्थेतले संख्याशास्त्रज्ञ. त्याच काळात दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे हेच काम अन्नधान्याच्या पिकांत उभे करीत होते. लंडनमध्ये नवे संख्याशास्त्र शिकून आलेला हा माणूस १९४० पासून तेथे होता.

या मंडळींनी काय केले? त्यांनी अंदाज सोडला नाही. अंदाजाला शिस्त लावली. आधी जिल्ह्याचे तालुकावार भाग पाडले. प्रत्येक भागातून काही गावे चिठ्ठी टाकून निवडली. प्रत्येक गावात दोन शेते, तीही चिठ्ठीनेच. आणि त्या शेतात कोठल्या कोपऱ्यापासून किती पावलांवर ठराविक मापाचा तुकडा आखायचा, हेसुद्धा चिठ्ठीनेच. मग त्या तुकड्यातले पीक कापून वजन करायचे. कापसाला तर याहून चिकाटी लागते. ज्वारीसारखी त्याची एकदाच कापणी नाही. एकाच तुकड्यात पुन:पुन्हा जाऊन, प्रत्येक वेचा वेगळा तोलून बेरीज करावी लागते.

चिठ्ठीवर एवढा भर कशासाठी? आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी आहे. पण ती भातालाच का लागू पडते? कारण भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजतो. वावराचे तसे नाही. धुऱ्याजवळ एक, विहिरीजवळ दुसरे, बरड तुकड्यात तिसरेच. माणसाला मोकळे सोडले तर एक जण रस्त्याकडचे चांगले पीक निवडील, दुसरा मुद्दाम वाईट निवडील. आमचा वऱ्हाडी शेतकरी म्हणतो ना, "वावरात उतरून पाहा अन् मंग सांगजा, धुऱ्यावरून नोका सांगू!" चिठ्ठी आपल्याला धुऱ्यावरून उठवून वावरात उतरवते, आणि कोठे उतरायचे हे आपल्या मर्जीवर सोडत नाही. भात ढवळण्याचे जे काम पळी करते, ते इथे चिठ्ठी करते.

चिठ्ठीने दुसरी एक मोठी गोष्ट दिली. नजरेचा अंदाज 'आठ आणे' म्हणून गप्प बसतो. तो किती चुकला असेल, हे सांगता येत नाही. चिठ्ठीने निवडलेल्या तुकड्यांचे उत्पन्न एकमेकांपासून किती वेगळे आहे हे आपल्यासमोर असते, आणि त्यावरून चुकीचाही हिशेब मांडता येतो. समजा एका मंडळात १६ तुकडे कापले. सरासरी एकरी ६ क्विंटल आली, आणि तुकड्यातुकड्यांतला फरक साधारण २ क्विंटलचा आहे. सोळाचे वर्गमूळ चार. दोनाला चाराने भागले, अर्धा आला. त्याची दुप्पट १ क्विंटल. म्हणजे खरे उत्पन्न ५ ते ७ क्विंटलच्या दरम्यान असावे, असे आपण शंभरात सुमारे पंच्याण्णव वेळा बरोबर ठरण्याच्या खात्रीने म्हणू शकतो.

हा फरक अर्ध्यावर आणायचा तर? तुकडे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. १६ चे ६४. ही किंमत ध्यानात ठेवावी. पण याच हिशेबात एक सुखाची गोष्टही आहे. मंडळात शेते एक हजार असोत की दहा हजार, लागणारे तुकडे जवळजवळ तेवढेच. मोठ्या कढईसाठी मोठा घास चाखावा लागत नाही. नीट ढवळलेली असली म्हणजे झाले.

आता असे समजू नका की विद्वानांत भांडण झाले नाही. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी तागाच्या पिकाच्या प्रचंड पाहण्या चालविल्या होत्या. लहान लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत, असे त्यांचे मत. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा फसवतो. १९४४-४५ मध्ये मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर प्रयोग झाला. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर क्षेत्र साडेबारा चौरस फूट आणि कडही साडेबारा फूट; म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड. ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद तुकडा घेतला तर क्षेत्र साडेपाचशे चौरस फुटांच्या आसपास आणि कड ९९ फूट. दर चौरस फुटामागे पाव फूटही नाही. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. त्यामुळे लहान तुकड्यांचे उत्पन्न फुगलेले निघाले. सुखात्म्यांनी हा निष्कर्ष १९४६ मध्ये 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकात छापला. महालनोबीसांचे म्हणणे असे, की माणसे चांगली शिकविली तर हा दोष टळतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. आपण घ्यायचा धडा एवढाच: मोजण्यातच खोट असेल तर संख्या वाढवून ती जात नाही. तागडीच खोटी असेल तर हजार वेळा तोलून काय उपयोग?

या कामाची निकड १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने सगळ्यांना पटवून दिली. त्या दुष्काळाच्या चौकशी आयोगाने १९४५ साली अहवाल दिला, त्यात पिकांच्या आकड्यांच्या कच्चेपणाचाही विचार झाला. पुढे कापणी प्रयोग देशभर रुजले. १९५४ साली पानसे आणि सुखात्मे यांचे शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक निघाले. कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या ते वाचून तयार झाल्या. त्याच्या आधीच, १९५१ मध्ये, सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले होते. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली एक मुद्दा मांडला: एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजीत बसण्यापेक्षा एका सारख्या टापूतल्या कापणी प्रयोगांच्या सरासरीवर पीक विमा द्यावा. १९८५ च्या पीक विमा योजनेत आणि २०१६ च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत हीच कल्पना आहे. मंडळाच्या सरासरीवर भरपाई ठरते ती यामुळे.

आता शेवटचा टप्पा संगणकाचा. तुम्ही म्हणाल, संगणक आला, आता अंदाज कशाला? नोंदी पाहा आणि उत्तर द्या. पण नोंदीच पक्क्या नसतील तर? समजा गावच्या पीकपेऱ्यात एका शेतापुढे लिहिले आहे: सोयाबीन, शंभरात सत्तर खात्री. दुसऱ्यापुढे तूर, शंभरात साठ. अशा शंकित नोंदींच्या साठ्याला 'संभाव्य नोंदींचा साठा' म्हणता येईल. त्याला विचारायचे, "या गावात निम्म्याहून अधिक शेतात सोयाबीन असण्याचा संभव किती?" किंवा, "ज्याच्याकडे तूरही आहे आणि विहीरही आहे, असा एक तरी शेतकरी असण्याचा संभव किती?" नेमके उत्तर हवे तर प्रत्येक नोंद खरी धरून आणि खोटी धरून सगळी गावे कल्पावी लागतात. शंकित नोंदी १० असतील तर अशी गावे १,०२४. २० असतील तर १० लाखांच्या वर. ३० असतील तर १०७ कोटींच्या वर. काही प्रश्नांना आडवाट सापडते. पण सगळ्यांना ती सापडत नाही. कोणते साधे प्रश्न झटकन सुटतात आणि कोणते असे अडून बसतात, याची नीट वाटणी २००४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात नीलेश दळवी आणि डॅन सुचू यांनी केली.

अडलेल्या प्रश्नांचे काय करायचे? तेच, जे पानशांनी अकोल्यात केले. चिठ्ठी टाकायची! प्रत्येक नोंदीसाठी तिच्या खात्रीच्या प्रमाणात चिठ्ठी काढायची, म्हणजे एक कल्पित गाव तयार होते. त्याला आपला प्रश्न विचारायचा आणि 'हो' की 'नाही' ते लिहून ठेवायचे. असे हजार वेळा केले आणि ६२० वेळा 'हो' आले, तर उत्तर शंभरात ६२; चूक फार करून ३ इकडे-तिकडे. दहा हजार वेळा केले तर चूक सुमारे १. वर्गमूळाचा तोच नियम, आणि नोंदी कितीही असल्या तरी तोच. १९४९ मध्ये मेट्रोपोलिस आणि उलाम या शास्त्रज्ञांनी अशा चिठ्ठ्यांच्या गणिताला माँटे कार्लो या जुगाराच्या गावाचे नाव देऊन लेख लिहिला होता. आपल्याकडे त्याच्याही आधी ते वावरात चालले होते.

२००७ साली दळवी आणि सुचू यांनी क्रिस्टोफर रे यांच्याबरोबर आणखी एक शहाणपणाची गोष्ट दाखविली. अनेक उत्तरांतून वरची काही निवडायची असतील तर सगळ्यांवर सारखी मेहनत करू नका. जी स्पष्टच वर आहेत आणि जी स्पष्टच खाली आहेत, ती सोडून द्या. जी सीमारेषेवर घोटाळतात, त्यांच्याच चिठ्ठ्या वाढवा. कमी खर्चात पक्के उत्तर मिळते.

मात्र एक इशारा. प्रत्येक शेताची चिठ्ठी वेगळी काढताना आपण धरून चालतो की एका शेताचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण पैनगंगेला पूर आला तर काठची सगळी शेते एकदमच जातात. पाऊस रुसला तर शिवारच्या शिवार वाळते. शेजाऱ्यांचे नशीब असे एकत्र बांधलेले असताना ते सुटे मानले, तर हिशेब भलताच आत्मविश्वास दाखवतो. म्हणूनच कापणी प्रयोगात एका गावात वीस तुकडे न घेता दहा गावांत दोन-दोन घेतात.

आता पुन्हा पारावर येऊ. ४९ पैसे की ५१ पैसे, हा प्रश्न आपण सुरुवातीला सोडला होता. एवढा इतिहास पाहिल्यावर त्याचे उत्तर देता येते. अंदाजात पाच पैशांची चूक असू शकत असेल, तर ४९ आणि ५१ हे दोन आकडे नव्हेतच. तो एकच आकडा आहे. मग अशा गावाचे भवितव्य त्या दोन पैशांवर टाकणे न्यायाचे नाही. जेथे आकडा रेषेजवळ आला, तेथे आणखी चिठ्ठ्या काढा, आणखी तुकडे कापा, आणखी गावकऱ्यांसमोर तोला. ज्या गावात पीक उघडच बुडाले आहे किंवा उघडच भरघोस आहे, तेथला खर्च वाचवून इकडे लावा. खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ मध्ये मागितली होती ती चौकशी याहून फार वेगळी नव्हती.

शिक्षक मंडळींना एक विनंती. शाळेजवळच्या तुरीच्या शेतात, मालकाला विचारून, मुलांना न्या. धुऱ्यावर उभे करून एका झाडाला सरासरी किती शेंगा असतील ते प्रत्येकाला लिहायला सांगा. मग ओळींचे आणि झाडांचे क्रमांक घालून चिठ्ठ्या टाका आणि निघालेल्या सोळा झाडांच्या शेंगा मोजा. दुसऱ्या तुकडीला वेगळ्या सोळा चिठ्ठ्या द्या. दोन्ही तुकड्यांची सरासरी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ती अगदी सारखी येणार नाही. का येत नाही, हे मुलांनी विचारले की धडा झाला.

गावात कापणी प्रयोगाला माणसे येतील, तेव्हा शेतकरी बांधवांनी आणि भगिनींनीही तेथे हजर राहावे. तुकडा कसा निवडला, दोरी कोठे लावली, कडेचे झाड आत धरले की बाहेर, वजन किती भरले, हे पाहावे. आणि कोणी पिकाचा आकडा सांगितला, तर त्याला नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: "साहेब, हा आकडा कोणत्या वावरातून आला? अन् तो किती चुकू शकतो?" ज्याच्याजवळ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याच्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.